पानाला तोंड कुठं असतं?

ओमेश्वरी रहांगडाले वर्गात आहे की नाही, हे कळायला मला कधी हजेरी घ्यावी लागली नाही. ती आली की जिन्यावरूनच ऐकू यायची. तिरोड्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दरवर्षी एखादी बोलकी मुलगी असतेच, पण ओमेश्वरीची तऱ्हा निराळी. ती गप्पा मारायची नाही, ती सांगायची. एसटीत कोणाचं कोणाशी भांडण झालं, कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, नहराला, म्हणजे कालव्याला, पाणी कधी सुटणार, सगळं पहिल्यापासून, हातवारे करून. समोर कोण आहे याची तिला फिकीर नसे. समोर कोणीतरी असलं म्हणजे झालं.

तिचं गाव बोदलकशाच्या तलावाखाली. वडील उदेलाल तलावाच्या पाण्यावर वर्षातून दोनदा धान घेतात. स्वभावानं इतके अबोल की पोरीच्या प्रवेशाच्या वेळी ते आले तेव्हा सगळं बोलणं तिनंच केलं आणि ते फक्त सही करून हात जोडून गेले. आई सुशिलाबाई. घरात पोवारी बोलतात आणि त्या घरात दिवसातून सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य म्हणजे सुशिलाबाईंचं "चुप रव ना, ओमी!" हे मला ओमेश्वरीनंच सांगितलं, आईची नक्कल करून.

पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि ती दोन विषयांत नापास झाली. त्यातला एक माझा. मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तिचेच असायचे. मी तिला प्रयोगशाळेत बोलावून विचारलं, "पेपरात काय झालं गं?"

"मॅडम, वाचते तवा सारं समजते," ती म्हणाली. "पुस्तक मिटलं का सारं उडून जाते. झाडावर टाळी वाजवली का पोपट उडतेत ना, तसं. पुस्तक इंग्रजीत अन् मी एकटी. रातभर डोळे फोडले तरी एकबी पोपट जाग्यावर नाइ राहत."

आधी असं नव्हतं. दहावी-बारावीला तिच्याबरोबर शेजारची दुर्गेश्वरी होती. ती अभ्यासात कच्ची, म्हणून ओमेश्वरी तिला रोज सगळा धडा समजावून सांगायची. दुर्गेश्वरी नर्सिंगला रायपूरला गेली आणि तेव्हापासून हिचे मार्क घसरत गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे तेव्हा ना तिच्या लक्षात आलं होतं, ना माझ्या.

जानेवारीत आमच्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाचं एक सत्र झालं. नागपूरहून मानसशास्त्राचे एक प्राध्यापक आले होते. उंच, हळू बोलणारे. त्यांनी मुलांना एक प्रश्नावली वाटली. चार माणसांत राहिल्यावर तुम्हाला हुरूप येतो की थकवा येतो? एखादी अडचण आली तर आधी कोणाशी बोलता की आधी एकटे बसता? असे प्रश्न. सभागृहात सगळे खाली मान घालून खुणा करत होते आणि मागच्या रांगेतून एक आवाज येत होता. ओमेश्वरी प्रश्न मोठ्यानं वाचत होती.

"बेटा, मनात वाच," सर म्हणाले.

ती उभी राहिली. "सर, मनात वाचलं तं मले उत्तरच नाइ सुचत."

सभागृह हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी तिला मैत्रिणीला घेऊन बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं, मोठ्यानं वाच म्हणाले, आणि ती गेल्यावर हसणाऱ्यांकडे जरा वेळ नुसतं बघत राहिले.

ती खुणा करून परत आल्यावर त्यांनी अंतर्मुख आणि बहिर्मुख हे दोन शब्द फळ्यावर लिहिले. मुलांमध्ये अंतर्मुख असण्याची एक हौस असते, ते कसं गंभीर आणि हुशार वाटतं. बहुतेकांनी हात वर करून आपण अंतर्मुख असल्याचं जाहीर केलं. ओमेश्वरीचे गुण मात्र पार दुसऱ्या टोकाला गेले होते. शेजारची पोरगी कुजबुजली, "बहिर्मुख म्हणजे जिचं तोंड सदा बाहेर." पुन्हा हशा. पण सर सांगत होते की काही माणसं आधी विचार करतात आणि मग बोलतात, तर काहींचा विचार बोलता बोलताच तयार होतो. बोलायला कोणी नसलं तर त्यांचा विचार अर्धवट राहतो. ते मूर्ख नसतात आणि उथळही नसतात. त्यांचं मन त्या वाटेनं चालतं, इतकंच.

मी ओमेश्वरीकडे पाहिलं. तिनं हात तोंडावर ठेवला होता. डोळे मोठे झाले होते. एखाद्याला आपल्याच घरात एक खोली सापडावी जी इतकी वर्षं बंद होती, तसा तिचा चेहरा होता.

सत्र संपल्यावर तिनं मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, म्हणजे हा रोग नोहे?"

"कोण म्हणालं रोग आहे?"

"घरी समदे म्हणतेत ना. भोंगा म्हणतेत." मग तिनं आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मॅडम, माह्यासारखे आणखी लोक आहेत? साऱ्या जगात? अन् कोणी बसून त्यायचा अभ्यास केला?"

"केला ना. अजून करताहेत."

"बापरे," ती म्हणाली. आपल्या स्वभावाचं कोणीतरी शास्त्र केलं आहे, आपल्या बडबडीसाठी कुठंतरी दूर कोणी पुस्तकं लिहिली आहेत, याचं तिला जे अप्रूप वाटलं ते मी विसरू शकत नाही. आम्ही शिकवणारी माणसं असल्या गोष्टी रोज फळ्यावर लिहितो आणि पुसतो.

सत्रानंतर प्रत्येकानं एक निबंध लिहून द्यायचा होता: माझा व्यक्तिमत्त्व प्रकार आणि अभ्यास सुधारण्याची माझी योजना. तपासायचं काम माझ्याकडे आलं. जवळजवळ सगळ्यांनी पहाटे उठणार, मोबाइल कमी बघणार, असंच लिहिलं होतं. ओमेश्वरीनं लिहिलं होतं:

"मी बहिर्मुख आहे. मी बोलल्याशिवाय मला काय समजले ते मलाच समजत नाही. मी दुर्गेश्वरीला शिकवत होती असे सगळे म्हणत, पण आता वाटते की ती ऐकत होती म्हणून मी शिकत होती. म्हणून माझी योजना अशी, की कॉलेजात जो धडा होईल तो त्याच दिवशी कोणाला तरी आपल्या भाषेत सांगायचा. इंग्रजीतले आपल्या भाषेत सांगता आले तरच मला समजले असे धरायचे. ऐकणारे माणूस मिळाले नाही तर बैलाला सांगीन. बैल उठून जात नाही."

मी खाली शेरा लिहिला: योजना चांगली आहे. माणसं शोध.

माणसं शोधणं सोपं नव्हतं. सुशिलाबाई पहिल्या दिवशी पेशीचं आवरण ऐकता ऐकता भांडी घासायला निघून गेल्या. उदेलाल जेवताना ऐकायचे, पण ते ऐकताहेत की घास चावताहेत हे कळायचं नाही. एसटीचा कंडक्टर दोन दिवस शेवाळाबद्दल ऐकून घेऊन तिसऱ्या दिवशी पुढच्या दारात जाऊन उभा राहिला. बैलावर पाळी येणार असं दिसत होतं, पण तेवढ्यात उन्हाळी धानाची रोवणी लागली.

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे थंडी ओसरत आलेली आणि नहराचं पाणी बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, चमकत असलेलं. गावातल्या बाया एका रांगेत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत मागं मागं सरकतात. हात चिखलात, पाय चिखलात. उठून जाता येत नाही. ओमेश्वरी रविवारी आईबरोबर रोवायला गेली आणि तिनं त्या रांगेकडे पाहिलं. तिला ऐकणारे सापडले होते.

बायांना सुरुवातीला ते रुचलं नाही. रोवताना त्या गाणी म्हणतात, सुनांच्या कागाळ्या करतात. त्यात ही पोरगी पान ऊन कसं खातं ते सांगायला लागली. पण ओमेश्वरीचं सांगणं म्हणजे सांगणं. पान म्हणजे स्वयंपाकघर, ऊन म्हणजे चूल, मुळांतून येणारं पाणी, आणि हवेतून येणारा तो वायू जो आपण उच्छ्वासात टाकून देतो. "आपण फेकलेली हवा हे पान रांधते, माय. अन् त्याचं जे उरते ते आपण श्वासात घेतो."

रांग जरा थबकली. रांगेत सगळ्यांत वयस्क असलेली आणि रोवणीच्या टोळीची मुखत्यार असलेली रामबाई सरळ उभी राहिली. कंबरेवर चिखलाचा हात ठेवून तिनं विचारलं, "पान जेवन करते म्हणतेस. तं त्याचं तोंड कुठं आहे?"

"आहे ना. पानाच्या खालून बारीक बारीक तोंडं असतेत. स्टोमॅटा."

"टमाटर?" शेजारची नंदाबाई म्हणाली आणि सगळी रांग हसली.

रामबाई हसली नाही. तिनं हातातल्या पेंढीतून एक पऱ्हं काढलं, पान उलटं केलं, उन्हात धरलं, डोळे बारीक केले. "दाव," ती म्हणाली. "आयुष्य गेलं माहं हे रोवता रोवता. एकबी तोंड नाइ दिसलं."

ओमेश्वरीला दाखवता येईना. आणि नुसतं सांगून भागत नाही असा प्रसंग तिच्यावर बहुतेक पहिल्यांदाच आला.

सोमवारी ती माझ्यापुढे उभी. "मॅडम, एक मायक्रोस्कोप घरी नेऊ द्या ना."

कॉलेजचं उपकरण असं बाहेर जात नाही, हे मी तिला सांगितलं. मग तिनं मला सगळी हकिकत सांगितली, रामबाईच्या कंबरेवरच्या हातासकट. माझ्या घरी कपाटावर एक जुना मायक्रोस्कोप होता, मी शिकत असताना वडिलांनी घेऊन दिलेला, विजेचा नव्हे, आरशाचा. कित्येक वर्षांत मी तो उघडला नव्हता. मी म्हटलं, "रविवारी मीच येते."

त्या रविवारी मी स्कूटीच्या पायाशी ती लाकडी पेटी ठेवून निघाले. तिरोड्यापासून रस्ता जंगलातून जातो. मोह अजून फुलायचा होता, पानं गळायला लागली होती. तलावावर मासेमारांच्या डोंग्या स्थिर उभ्या होत्या. बांधीवर पोचले तर ओमेश्वरीनं तयारी करून ठेवलेली. मोटारपंपाच्या खोलीच्या ओट्यावर पाट ठेवला होता आणि त्याच्यावर धुतलेलं फडकं पसरलं होतं, पाहुण्यासाठी अंथरतात तसं.

बाया हात धुऊन आल्या. काही लाजत होत्या, काहींना हसू आवरत नव्हतं. उदेलालही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जरा लांब येऊन उभे राहिले.

मी आधी नहराकाठचं केना नावाचं तण घेतलं. त्याच्या पानाची साल नखानं अलगद निघते आणि रंध्रंही, म्हणजे ती तोंडं, मोठी असतात. सूर्य थेट आरशात धरला तर डोळ्याला इजा होते, म्हणून आरसा उजळ आभाळाकडे वळवला आणि भिंग जुळवून दिलं. नंदाबाई पहिल्यांदा वाकली. एक डोळा मिटता येईना, तो तिनं हातानं झाकला.

"काय दिसून राहिलं वो?" मागून कोणीतरी विचारलं.

नंदाबाई आणखी खाली वाकली. मग एकदम मागं सरली. "मायबाई! ओठ आहेत!"

झालं. मग एकच गर्दी उसळली. प्रत्येक जणी वाकत होती आणि प्रत्येकीच्या तोंडून वेगळा आवाज निघत होता. एक म्हणाली कोणी जांभई देऊन राहिलं वाटते. एक म्हणाली मासोळीचं तोंड. सुशिलाबाई वाकल्या आणि वर आल्यावर त्यांनी आपल्या पोरीकडे असं पाहिलं, की मी दुसरीकडे मान वळवली.

रामबाईचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. तिनं त्याच डोळ्यानं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे केन्याचं झालं. आमच्या धानाचं दाव."

धानाची साल अशी निघत नाही. पण त्यावर एक युक्ती आहे आणि ती मी ओमेश्वरीला आधीच सांगून ठेवली होती. तिनं ओढणीच्या गाठीतून नेलपॉलिशची बाटली काढली. पऱ्ह्याचं एक पान उलटं धरून ती त्याला नेलपॉलिश लावायला लागली, तशा बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "पानाचं लगन आहे का वो?" "हळद लाव, हळद!" पॉलिश सुकलं. तिनं त्यावर चिकटपट्टी दाबली, अलगद उचलली, काचेवर चिकटवली. पानाचा ठसा त्या पारदर्शक पापुद्र्यावर उतरला होता.

तिनंच आधी भिंगात पाहिलं. मी वाट पाहत होते की आता ही सांगायला लागेल. पण ती बाजूला झाली आणि रामबाईला हाताला धरून पुढं आणलं.

धानाची रंध्रं केन्यासारखी विखुरलेली नसतात. ती रांगेत असतात. एकामागून एक, सरळ, सारख्या अंतरावर, एक रांग, तिच्या शेजारी मोकळी जागा, मग दुसरी रांग. मी कितीतरी वर्षं मुलांकडून ही आकृती काढून घेतली आहे, नावं द्यायला लावली आहेत, मार्क दिले आहेत.

रामबाईनं भिंगाला डोळा लावला.

"ही तं रोवणी आहे," ती म्हणाली.

तिनं डोळा काढला नाही. तशीच वाकून तिनं विचारलं, "ही कोनं रोवली वो?"

ओमेश्वरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर होतं. पान बुडातून वाढतं, पेशी ओळीनं विभागत जातात, वगैरे. ते खरंही आहे. पण त्या क्षणी ते बोलायला माझी जीभ वळली नाही. मी मान वर केली तर समोर बांधीमागे बांधी, तलावाच्या भिंतीपर्यंत नुसतं कोवळं हिरवं. त्यातल्या एकेका पानावर त्या रांगा होत्या, उघडत होत्या, मिटत होत्या, आपण टाकलेला श्वास आत घेत होत्या. मला हे माहीत होतं. ते खरं आहे, असं मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी पेटीचं झाकण उगाच पुसत राहिले.

नहराच्या पाण्याचा तेवढा आवाज.

मग रामबाई सरळ झाली, सगळ्या शिवारावरून तिनं नजर फिरवली आणि ओमेश्वरीकडे पाहत म्हणाली, "एवढी तोंडं, अन् आवाज नाइ. शिक काही."

हशा पिकला आणि सगळ्यांत मोठ्यानं ओमेश्वरी हसली. धुऱ्यावरचे उदेलाल पुढं आले, भिंगात पाहिलं, आणि जाताना एवढंच म्हणाले, "मॅडम जी, पोरगी खरं सांगून राहिली होती तं." मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

त्यानंतर रोवणी संपेपर्यंत दर रविवारी वर्ग भरत राहिला. हृदय झालं, मुळं झाली, उंदीर आणि माणूस यांच्या हाडांतलं साम्य झालं, ज्यावर नंदाबाई दोन दिवस रुसली होती. बाया जे विचारत ते घेऊन ओमेश्वरी सोमवारी माझ्याकडे येई. काही प्रश्नांची उत्तरं मलाही शोधावी लागत.

योजनेत एक अडचण होतीच. परीक्षेत बोलता येत नाही. चाचणीत ती पुटपुटत बसली म्हणून पर्यवेक्षकांनी तिला दोनदा दटावलं आणि पेपर अर्धा राहिला. ती रडवेली होऊन आली. आम्ही ठरवलं की रोज सांगून झालं की तेच लगेच, कोणाला तरी उद्देशून, लिहायचं. आवाज बंद ठेवून. तिला ते जमायला महिनाभर जड गेलं. ओठ हलायचे. मग ओठ थांबले, पण मान हलत राहिली आणि मान हलवायला बंदी नाही.

दुसऱ्या सत्रात ती माझ्या विषयात चांगल्या मार्कांनी पास झाली, पहिल्या सत्राचे राहिलेले दोन्ही विषयही निघाले. प्राणिशास्त्रात जेमतेम. पहिली वगैरे आली नाही. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण तिच्या उत्तरात पाठ केलेली एक ओळ नव्हती. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षिका व्हायचं म्हणते. अजून तिचा आवाज जिन्यावरूनच येतो.

परवा तिच्या आवाजाबरोबर दुसरी एक काठीची टकटक आली. दाराशी रामबाई, हातात बाजाराची थैली, पायात नव्या चपला. तिरोड्याच्या बाजाराला आली होती.

"या ना, माय," मी म्हटलं. "कसं काय आलात?"

"पानाचं पाहून झालं जी," ती म्हणाली. "आता मले माह्यावालं दाव म्हणा हिला."

ओमेश्वरीनं काडीनं तिच्या गालाच्या आतल्या बाजूला हलकंसं खरवडलं, काचेवर पसरलं, निळ्या रंगाचा थेंब टाकला. रामबाई स्टुलावर चढून बसली आणि भिंगात डोळा लावला. फिकट निळ्या, चपट्या पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध एक गडद ठिपका.

"हे काय आहे?"

"तू आहेस, माय."

"हे मी?"

"हो. तुह्या गालाची आहे. अन् मधातला तो ठिपका आहे ना, त्याच्यात तू कशी होशील ते समदं लिहिलेलं असते."

रामबाईनं आपल्या गालाला हात लावला. डोळा भिंगालाच होता. हात गालावरून कपाळावर गेला, मग दुसऱ्या गालावर, जणू प्रत्येक ठिकाणी ती आहे की नाही हे बघत होती.

"किती आहेत अशा?"

"मोजता नाइ येत."

"अन् समद्या जित्या?"

"समद्या."

मी मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. खाली एसटीनं हॉर्न दिला, गावाची शेवटची गाडी नव्हे, पण बाजारची गर्दी झाली की पुढची मिळत नाही. ओमेश्वरी म्हणाली, "चल माय, गाडी जाऊन राहिली."

"जाऊ दे," रामबाई म्हणाली आणि डोळा तसाच ठेवून तिनं विचारलं, "ह्या ठिपक्यात काय काय लिहिलं आहे, ते सांग."

ओमेश्वरीनं दुसरं स्टूल ओढलं, तिच्या शेजारी बसली आणि सांगायला लागली.